कन्फ्यूशियस कोणत्या विभागात बसतो?

तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करणाऱ्या आपल्या मुलांना सॉक्रेटिस, देकार्त, कांट पाठ असतात. भारतीय दर्शनांचा पेपरही असतो. कन्फ्यूशियस मात्र त्यांना फार तर शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारात भेटलेला असतो आणि इब्न रुश्द तिथेही नाही. मी करमाडला राहतो. इथली मुले शिकायला औरंगाबादला जातात, तीही हीच यादी घेऊन परततात. ही यादी केली कोणी?

एके काळी युरोपला चीनचे मोठे कौतुक होते. १६८७ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथांचा लॅटिन अनुवाद पॅरिसला छापला आणि शीर्षकातच त्याला तत्त्वज्ञ म्हटले. १७२१ मध्ये ख्रिस्तियान वोल्फ यांनी हाले विद्यापीठातील भाषणात सांगितले की, धर्मग्रंथाच्या आधाराशिवाय निव्वळ बुद्धीनेही माणूस नीतीपर्यंत पोहोचतो आणि चिनी लोक त्याचा पुरावा आहेत. धर्मशास्त्री खवळले. १७२३ मध्ये प्रशियाच्या राजाचे फर्मान निघाले: ४८ तासांत राज्य सोडा, नाहीतर फाशी.

शंभर वर्षांनी वारे फिरले. हेगेलने कन्फ्यूशियसला व्यवहारी शहाणपण सांगणारा ठरवून बाजूला सारले. १८७६ मध्ये ऑक्सफर्डला जेम्स लेग प्राध्यापक झाले, पण ते चिनी भाषेचे. म्हणजे चिनी विचार भाषेच्या विभागात गेला आणि तत्त्वज्ञानाचा विभाग ग्रीकांपासून जर्मनांपर्यंतच्या मंडळींसाठी राखीव राहिला. २०१६ मध्ये जे गारफिल्ड आणि ब्रायन व्हॅन नॉर्डेन या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी वृत्तपत्रात लिहिले की, एवढेच शिकवायचे असेल तर विभागाच्या पाटीवर 'युरोपीय आणि अमेरिकी तत्त्वज्ञान' असे खरे नाव तरी लिहा.

आपल्या फलसफ्याचेही हेच झाले. इब्न रुश्द ११९८ मध्ये वारले आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला इस्लामी विचारही जणू त्याच दिवशी वारला. १६४० च्या सुमारास वारलेले मुल्ला सदरा त्यात नसतात. इकबाल यांनी इराणमधील तत्त्वचिंतनावर प्रबंध लिहिला. १९०७ मध्ये म्युनिकने त्यांना डॉक्टरेट दिली, पण त्यांचे मार्गदर्शक फ्रिट्झ होमेल सेमिटिक भाषांचे पंडित होते. विषय तत्त्वज्ञानाचा आणि दार भाषेचे!

पण या यादीपलीकडे जाण्याचा एक प्रयत्न आपल्याच मुलखात झाला होता. मौलवी अब्दुल हक औरंगाबादेतून अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे काम चालवत. १९१७ मध्ये हैदराबादला दारुत्तर्जुमा म्हणजे अनुवाद विभाग निघाला, तेव्हा तो त्यांच्याकडे सोपवला गेला. पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. तिथे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची पुस्तके उर्दूत आली आणि मनाझिर अहसन गीलानी यांनी मुल्ला सदरांचा 'अस्फार'ही उर्दूत आणला. दोन्ही परंपरा एकाच भाषेत, एकाच विद्यापीठात.

या प्रयत्नाचे गोडवे गाताना त्याची उणीव झाकू नये. मराठवाड्यातील बहुसंख्यांची भाषा मराठी होती आणि तिला त्या विद्यापीठाच्या वर्गात माध्यमाची जागा नव्हती. कुणब्याच्या मुलाला उर्दूतला कांट इंग्रजीतल्या कांटइतकाच परका होता. १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले आणि अनुवादाचे काम थांबले. त्याची जागा मराठीने घ्यायला हवी होती. ते अजून व्हायचे आहे.

काही मुस्लिम मित्र विचारतील, आपल्याला कन्फ्यूशियसचे काय? त्यांना नवव्या शतकातल्या अल-किंदींची आठवण द्यावीशी वाटते. सत्य परक्या कौमेकडून आले तरी ते घेण्यात लाज नाही, हे बगदादेत ग्रीकांचे विचार आत्मसात करताना त्यांनी ठामपणे मांडले होते. पश्चिमेने आपल्याला यादीत घेतले नाही ही तक्रार रास्त आहे. पण आपल्या मदरशांतून मन्तिक आणि हिकमतचे जुने ग्रंथ आपणच कमी करत आणले, हेही तितकेच खरे.

म्हणून मागणी साधी आहे. इब्न रुश्द, मुल्ला सदरा आणि कन्फ्यूशियस मराठीत यावेत, भाषेच्या नव्हे, तत्त्वज्ञानाच्या पेपरात यावेत आणि त्यांच्यावर प्रश्न विचारले जावेत. आपल्याकडे जे परीक्षेत येते, तेच वाचले जाते.