पित्तनलिकेतील अडथळा : कोणती तपासणी कशासाठी?

सोलापूर-गुलबर्ग्याच्या बाजूने येणारी हुसेनसागर एक्स्प्रेस नामपल्लीला थांबते. तिच्यातून उतरणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या हातात पुष्कळदा रिपोर्टांची फाईल असते. काविळीचा रुग्ण असला की सभासदांकडून आम्हाला ठरलेला प्रश्न येतो : सोनोग्राफी झाली, आता एमआरसीपी सांगितली, नंतर ईआरसीपी म्हणतात, एकाच दुखण्याला तीन तपासण्या कशाला? त्यासाठी ही माहिती.

यकृतात तयार झालेले पित्त नलिकेवाटे लहान आतड्यात उतरते. वाटेत खडा अडकला, गाठ झाली किंवा नलिका आकसली की पित्त तुंबते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट पांढरा होतो, अंगाला खाज सुटते. विषाणूमुळे होणारी कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला किंवा नाकात घातलेल्या थेंबांना मिळते. अडकलेला खडा माळेने हलत नाही. थंडी वाजून ताप आणि पोटात दुखणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उतारवयात पोट न दुखता कावीळ झाली आणि वजनही घटत असेल, तर ‘दुखत नाही ना’ म्हणून थांबू नये.

पहिली तपासणी सोनोग्राफीच. स्वस्त, क्ष-किरणांशिवाय होणारी. सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात, कारण जेवल्यावर पित्ताशय आकसते आणि नीट दिसत नाही. नलिका फुगली आहे का, हे ती चांगले सांगते; मोठ्या माणसात साधारण ६ मिलिमीटरपर्यंतची रुंदी नेहमीची मानतात, वयानुसार आणि पित्ताशय काढल्यावर थोडी जास्त. पण नलिकेचे खालचे टोक आतड्यातल्या वायूआड लपते. त्यामुळे ‘खडा दिसला नाही’ याचा अर्थ ‘खडा नाही’ असा होत नाही.

तिथे एमआरसीपी उपयोगी पडते. ही एमआरआयचीच एक पद्धत. तिच्यात साचलेला द्रव पांढरा चमकतो आणि खडा त्यात काळा ठिपका दिसतो. बहुधा इंजेक्शनही लागत नाही. काही ठिकाणी आधी अननसाचा रस पाजतात! त्यातल्या मँगेनीजमुळे जठरातले पाणी चित्रात काळे पडते आणि नलिका मोकळी दिसते. अगदी बारीक खड्यासाठी, किंवा गाठीतून सुईने नमुना घेण्यासाठी, एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात. गाठ कुठवर पसरली आहे हे पाहायला सीटी स्कॅन.

ईआरसीपीकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे. तोंडावाटे दुर्बीण नलिकेच्या मुखापर्यंत नेण्याची ही पद्धत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती फक्त पाहण्यासाठी होती. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमधील डॉक्टरांनी तिच्याद्वारे नलिकेचे मुख कापून खडे काढण्याची वाट उघडली. आज ती मुख्यतः उपचारासाठीच करतात : खडा काढणे, स्टेंट बसवणे. हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी (पद्मविभूषण, २०२५) एंडोस्कोपीतील कामासाठीच जगभर ओळखले जातात. पण शंभरातील साधारण तीन ते दहा जणांना ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून नुसते पाहायचे असेल तर एमआरसीपी, काही करायचे असेल तर ईआरसीपी. सोनोग्राफीत नलिकेतला खडा स्पष्ट दिसला आणि तापही असेल, तर मधली पायरी वगळून थेट ईआरसीपी सांगणारे डॉक्टर चूक करत नसतात. दुर्बीण पोहोचत नसेल तर बरगड्यांमधून सुई घालून यकृतातून वाट काढतात.

तान्ह्या बाळांची गोष्ट निराळी. कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शी पांढुरकी असेल, तर ‘कोवळ्या उन्हात ठेवा’ या सल्ल्यावर दिवस घालवू नका. बाळाची पित्तनलिका बंद असू शकते. डायरेक्ट बिलिरुबिन तपासून घ्यावे. मग सोनोग्राफी, गरजेनुसार हायडा स्कॅन. कसाई शस्त्रक्रियेचे यश ६० दिवसांच्या आत अधिक असते. नामपल्लीजवळ रेड हिल्सला नीलोफर हे मुलांचे सरकारी रुग्णालय आहे.

गावाहून येणाऱ्यांना एवढे जरूर कळवा : फक्त कागदी रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडीही आणा, तपासणी पुन्हा करण्याचा खर्च पुष्कळदा वाचतो. पेसमेकर असेल तर एमआरसीपीआधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ईआरसीपीआधी सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.