नाव बदला, जागा बदला: ‘एमव्ही’ची कुळकथा

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या सज्जात फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी मुलांची नावं चढतात. जमीन मात्र तसूभर हलत नाही. गट नंबर तोच, बांधही तोच. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. तिथेही नावच बदललं.) युनिक्स या संगणकप्रणालीतली फाइल अशीच असते. तिची खरी ओळख म्हणजे एक नंबर, आयनोड. नाव असतं ते फोल्डरच्या यादीत. म्हणूनच बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये फाइलचं नाव बदलायला आणि ती हलवायला एकच आज्ञा आली, एमव्ही. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या पुस्तिकेत ती आहे: आधी नवी नोंद जोडायची, मग जुनी खोडायची. या दोन पायऱ्यांची एक व्हायला बर्कलेची १९८३ची आवृत्ती यावी लागली.

आज्ञा लिहून ठेवून ओळीनं चालवण्याची युक्ती मात्र याहून जुनी. एमआयटीत लुई पुझँ या फ्रेंच गृहस्थांनी १९६३-६४च्या सुमारास ‘रनकॉम’ लिहिला. आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ हे नावही त्यांनीच दिलं. पुढे १९७९मध्ये स्टीव्ह बोर्न यांचा शेल आला आणि त्यातलं ‘फॉर’चं आवर्तन, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नावासाठी तीच आज्ञा पुन्हा चालवणं, घरोघरी पोचलं.

एमव्हीनं अनेक फाइलींची नावं बदलायची, तर या आवर्तनावाचून अडतंच. डॉसमध्ये सगळ्या फाइलींचं शेपूट एका ओळीत बदलता येतं, इथे नाही. तारांकन दिसलं की शेल स्वतःच त्याच्या जागी सगळी नावं मांडतो. एमव्हीपर्यंत तारांकन पोचतच नाही. फोल्डरात दोनच फाइली असताना एमव्हीपुढे नुसतं तारांकन दिलं, तर पहिली दुसरीच्या नावावर जाऊन बसते आणि दुसरी गायब. फेरफाराला नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मंडल अधिकारी सही करतो. एमव्ही हूं की चूं करत नाही.

किन्हवली, डोळखांब, धसई, सरळगाव असे गावोगावचे फोटो वेगवेगळ्या फोनमधून एका फोल्डरात आले, की सारख्या नावांची गाठ पडणारच. तेव्हा नव्या नावात गाव आणि तारीख दोन्ही घालावीत, आणि पहिल्या खेपेला आवर्तनातल्या एमव्हीच्या आधी ‘एको’ लिहावं. मग शेल काही हलवत नाही, काय हलवणार ते ओळीओळीनं छापतो. यादी वाचून झाली, की एको खोडायचा.