इंजिन बदललं, गाडी तीच का?

मंडळी, दसऱ्याला आपण सगळे दसरा चौकात उभे असतो. छत्रपती घराण्याची मेबॅक येते आणि माना तिकडे वळतात. जर्मनीतल्या या जुन्या कंपनीने १९४१ साली मोटारी बनवणं थांबवलं. म्हणजे सुट्या भागासाठी कारखान्याच्या दारात जावं, ही सोय संपून ऐंशी वर्षं उलटली. गाडी बनवणाऱ्याइतकंच सांभाळणाऱ्याचंही महत्त्व असतं, ते असं. पण आज मी राजघराण्याच्या गाडीबद्दल बोलणार नाही. ज्यांच्यामागे राजवाडा नव्हता अशा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांबद्दल, आणि त्यांच्यात बसवलेल्या दुसऱ्याच गाडीच्या इंजिनांबद्दल बोलणार आहे.

आधी थोडा इतिहास. स्वातंत्र्याच्या आसपास आपल्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या परदेशी गाड्या येत होत्या. मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरवलं की ज्यांना इथे खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच थांबावं. नुसती जोडणी करणाऱ्यांनी नाही. जनरल मोटर्सने मुंबईतला शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद केला. पुढची तीसेक वर्षं रस्त्यावर मुख्यतः तीन नावं दिसली: उत्तरपाड्याची अँबॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड, आणि आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरची, कुर्ल्याची फियाट. देशी उद्योगासाठी ते धोरण आवश्यक होतं, असं माझं मत आहे. पण ज्याच्याकडे आधीच एखादी एमजी किंवा जग्वार होती, त्याने काय करायचं? पिस्टन गेला, ब्लॉकला तडा गेला, तर परकीय चलन कुठून आणायचं?

अशा वेळी लोक मिस्त्रीकडे गेले. आणि मिस्त्रीकडे जायचं तर कोल्हापूरइतकं चांगलं गाव नव्हतं. आपल्याकडे उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिनं लागत होती. ती बनवता बनवता उद्यमनगरात फाउंड्री आली, लेथ आले, पॅटर्न करणारे सुतार आले. नमुना हातात ठेवला की तसाच भाग ओतून देणारी माणसं इथे तयार झाली. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला होता. ती सवय जुनीच.

मी कॉलेजात होतो तेव्हाची, १९७०च्या आसपासची गोष्ट सांगतो. ओळखीच्या एका वकिलांकडे एमजीची दोन माणसांची उघडी गाडी होती. ब्लॉक फुटला. वेल्डिंग करून पाहिलं, टिकलं नाही. शेवटी अपघातातल्या एका अँबॅसिडरचं इंजिन आणि गिअरबॉक्स विकत घेतला. मी सुट्टीत तिथे जाऊन बसायचो. वाटलं होतं, जुनं काढायचं, नवं ठेवायचं, चार बोल्ट आवळायचे. तसं नसतं.

नुसतं इंजिन घेतलं असतं तर ते जुन्या गिअरबॉक्सला जोडताना बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत, क्लच प्लेटचे आतले दाते शाफ्टवर बसत नाहीत, आणि क्रँकचा आणि शाफ्टचा मध्य केसभर जरी चुकला तरी बेअरिंग जातं. म्हणून गिअरबॉक्ससुद्धा सोबतचाच घ्यायचा. पण मग अडचण मागे सरकते. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडायचा आणि बॅलन्स करायचा. चेसिसवर नवी माउंटिंग बसवायची. मागचा एक्सल मूळचाच, तेव्हा गिअरचं प्रमाण त्याला मानवतंय का तेही बघायचं.

एक दिवस मिस्त्रींनी विचारलं, “वकीलसाहेब, गिअरचा दांडा कुठं पायजे तुमास्नी?” कारण अँबॅसिडरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असायचा. वकील म्हणाले, स्पोर्ट्स गाडीत दांडा जमिनीवरच हवा, हाताशी. झालं! इंजिन बसवायला लागले त्यापेक्षा जास्त दिवस त्या दांड्याचा जोड तयार करायला लागले. लाकडाचा पॅटर्न केला, भाग ओतला, तीनदा घासून बसवला. त्या गाडीने पुढे कितीतरी वेळा पन्हाळ्याचा घाट चढला.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. अँबॅसिडरचं ते १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या ‘बी सीरिज’मधलं. आणि खुद्द एमजी कंपनीने १९५५ मध्ये नवी एमजीए काढली, तिच्यातही त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन बसवलं होतं. फक्त तिथे कार्बोरेटर दोन होते. म्हणजे उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी जे गरजेपोटी केलं, तोच रस्ता कारखान्यानेही धरला होता.

आता माझा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा प्रश्न विचारणं भाग आहे. गाडी तीच राहिली का? ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. रथ हे त्या सगळ्यांच्या जुळणीवरून पडलेलं नाव आहे, एवढंच उरतं.

हाच प्रश्न १९९० साली लंडनच्या हायकोर्टात आला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटले. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात साडेसहा लिटरच्या जागी आठ लिटरचं इंजिन आलं. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला तिला प्राणघातक अपघात झाला, नंतर बॉडीही बदलली. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला: हिला ‘मूळ स्थितीतली’ म्हणता येणार नाही, पण ‘अस्सल’ म्हणता येईल, कारण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही. मूळ आणि अस्सल हे दोन शब्द वेगळे आहेत, हे मला या निकालाने शिकवलं.

आपल्या कायद्याचा कल मूळकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. रोजच्या रस्त्यासाठी ते योग्यच आहे. इंजिनाची ताकद वाढवली आणि ब्रेक जुनेच ठेवले तर माणसं मरतात. पण २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचं तर चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको अशी अट आली. साहजिकच मालक आता जुनी परकी इंजिनं काढू लागलेत.

वकिलांच्या नातवंडांनीही तेच केलं. मूळ जातीचं इंजिन मिळवलं, छान बसवलं. मी विचारलं, तो गिअरच्या दांड्याचा जोड कुठाय? म्हणाले, “भंगारात दिला, सर.” त्यांचा दोष नाही. तो कोणी केला होता हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी रोज समोर बसायचो, पण त्या मिस्त्रींचं पूर्ण नाव मीही कधी विचारलं नाही. ‘मिस्त्री’ म्हणत राहिलो.

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर मूळ इंजिन जरूर बसवा. पण काढलेलं इंजिन, ओतलेले भाग, कापलेला शाफ्ट फेकू नका. फोटो काढा. कोणत्या साली, कोणत्या गल्लीत, कोणाच्या हातून काम झालं ते एका वहीत लिहा आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. उद्यमनगरात त्या काळची काही माणसं अजून आहेत. उद्या सकाळी जाऊन नाव विचारता येईल.