ऐरणीची वाटणी होत नाही : तांबट धंद्याची वाटचाल

वेदवाङ्मयात त्वष्टा हा देवांचा कारागीर म्हणून वर्णिलेला आहे. इंद्राचे वज्र त्यानेच घडविले, असे ऋग्वेद सांगतो. आपला त्वष्टा कासार समाज आपले नाव याच दैवी कारागिराकडून घेतो, व त्याचा अभिमान बाळगणे स्वाभाविकही आहे. तथापि पूर्वजाच्या पुण्याईवर कोणाची चूल पेटत नाही. ती पेटली ती ऐरणीवर, भात्यासमोर आणि वडिलांच्या हाताखाली हातोडा धरणाऱ्या मुलांच्या श्रमावर. तांबटाच्या घरातील हा धंदा कसकसा बदलत गेला, कोठे टिकला आणि कोठे मोडला, याचा थोडक्यात आढावा समाजकुटुंबांपुढे ठेवावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

कोकणातून पुण्यास

आपली पुष्कळशी घराणी पेशवाईत कोकणातून पुण्यास आली, असे परंपरेने सांगितले जाते. शनिवारवाडा सन १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला आणि त्यानंतर पुणे हे राजधानीचे शहर झाले. वाडे आले, मुदपाकखाने आले, भोजनावळी आल्या; आणि हंडे, घागरी, तपेली, पराती व घंगाळे यांना मागणी आली. तांब्याला बाजारातही मान होता, कारण रोजच्या व्यवहारातील शिवराई नाणे तांब्याचेच असे. कसबा पेठेतील तांबट आळी ही त्या काळाची खूण होय. सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आळीतील हातोड्यांचा आवाज मात्र थांबला नाही. राज्यकर्ते बदलले तरी पाणी भरावयाचेच होते आणि लग्नात लेकीला भांडी द्यावयाचीच होती.

त्या काळी घर हाच कारखाना असे. मोडीतील भांडी मुशीत वितळवावयाची, वडी ओतावयाची, ती ठोकून पत्रा करावयाचा आणि त्या पत्र्यातून भांडे उभे करावयाचे. बाप घडवी, भाऊ भाता ओढी, मुलगा चिमटा धरी. घरातील स्त्रियांचे श्रमही त्यात होते. ते कोणी वहीत लिहिले नाहीत, एवढेच.

आगगाडी आणि तयार पत्रा

सन १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी धावू लागली आणि सन १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पुरा झाल्यावर पुणे मुंबई बंदराशी अखंड जोडले गेले. या मार्गाने विलायतेचा तयार पत्रा आला. वडी ठोकून पत्रा करण्याचे कष्ट संपले आणि त्यासोबत त्या कामावर जगणाऱ्यांची रोजीही गेली. पण भांडे स्वस्त झाले, गिऱ्हाईक वाढले आणि पुण्याची तांब्यापितळेची भांडी दूरदूरच्या बाजारांत जाऊ लागली. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कच्चा माल आता व्यापाऱ्याच्या हाती गेला. ज्याच्याजवळ पत्रा घेण्यास रोकड होती तो मालक राहिला. ज्याच्याजवळ नव्हती तो आपल्याच आळीत मजुरीवर घडवू लागला.

बंबाची विद्या

आपल्या हस्तकौशल्याचा खरा कस पाहावयाचा असेल तर तो बंबात पाहावा. बंब म्हणजे मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जागा आणि बाजूस तोटी. विस्तव चहूकडून पाण्याने वेढलेला असल्याने थोड्या कोळशात व लाकडात भरपूर पाणी तापते. बंब करणाऱ्यास गोलाचे गणित यावे लागे. व्यासाची तिप्पट, त्यात व्यासाचा सातवा हिस्सा मिळवावयाचा आणि सांध्यासाठी पदर सोडावयाचा, एवढा हिशेब केल्याशिवाय पत्र्यास कातर लावता येत नसे. सांधा झाळताना तसूभर चूक झाली की पहिल्याच दिवशी बंब गळे.

धातूचा स्वभावही ओळखावा लागे. तांबे ठोकत गेले की ताठर होते. तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून ते मधूनमधून लाल तापवून मऊ करावे लागते. लोखंडाच्या पोलादास लाल असता पाण्यात बुडविले तर ते कठीण होते. तांबे मात्र पाण्यात बुडविले तरी मऊच राहते. अखेरीस मठारकाम. हातोड्याच्या एकसारख्या ठोशांनी भांड्यावर जी चमकदार ठिपक्यांची रांग उठते, तीस लोक नक्षी समजतात. वस्तुतः त्या ठोशांनी पातळ पत्र्यास बळकटी येते. शोभा आणि बळ ही दोन्ही एकाच घावाने साधणे, हे आपल्या पूर्वजांचे शास्त्र होते.

पडता काळ आणि शेजाऱ्याचा धडा

दुसऱ्या महायुद्धात तांबे व जस्त यांवर सरकारी नियंत्रण आले. ॲल्युमिनिअमची हलकी भांडी त्याआधीच घरांत शिरली होती. शेफील्ड येथे सन १९१३ मध्ये सिद्ध झालेले न गंजणारे पोलाद स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या स्वयंपाकघरात आले. त्यास कल्हई नको, चिंच नको, राख नको. पुढे गॅस आला, विजेचे बंब आले आणि तांब्याचा बंब माळ्यावर गेला. आळीतील कित्येक भाते या काळात थंडावले.

याच काळात लोखंडाच्या धंद्यात दुसरे एक घराणे वर येत होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे जन्माने लोहार नव्हते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले, बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. सन १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने किर्लोस्करवाडी वसली आणि सन १९४६ मध्ये याच घराण्याचा तेल-इंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीस निघाला.

यातून आम्ही काय शिकावे? हात आपल्याजवळही होता. त्यांच्याजवळ कागदावरचा आराखडा होता, धीर धरण्याची तयारी होती, बाहेरच्या गुणी माणसास जवळ करण्याचे औदार्य होते आणि घरखर्चाहून निराळी धंद्याची वही होती. आपल्या पुष्कळ घरांत गल्ला व फडताळ यांची किल्ली एकच असे. दोष कोणास देण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या घरीही तसेच होते.

भोसरी, चाकण आणि चऱ्होली

सन १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. सन १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळरानावर कारखाने उभे राहिले. मोटारींच्या व दुचाकींच्या कारखान्यांना टाक्या, पेट्या, चौकटी, ट्रॉल्या, यंत्रांवरची संरक्षक झाकणे हवी होती. पत्रा कापणे, वाकविणे, सांधणे, हेच ते काम. ज्यांनी बंब केला होता त्यांना टाकी परकी नव्हती. धातू बदलला, हातोड्याच्या जागी बेंडिंग प्रेस आली, झाळकामाच्या जागी वेल्डिंग आले, कातरीच्या जागी आता लेझर आले. गोलाचे गणित तेच राहिले. सन १९९९ नंतर चाकणकडेही मोटारधंदा पसरला आणि इंद्रायणीकाठचे आमचे चऱ्होली या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये सापडले.

या धंद्याचीही दुःखे आहेत. माल वेळेवर द्यावयाचा आणि पैशासाठी महिनेच्या महिने खेटे घालावयाचे, हा अनुभव आम्हांसही आला. लहान उद्योगांची देणी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकती करावीत, असा कायदा सन २००६ मध्ये झाला. पण पुढचे काम जाईल या भयाने त्याचा आधार घेण्यास लहान कारखानदार धजत नाही.

परंतु याहून मोठे संकट घरातच आहे. सन १९९७ मध्ये चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उठल्या आणि जमिनीचा भाव चढला. आता पत्र्याची शेड ज्या जागेवर उभी आहे ती जागा शेडमधील वर्षानुवर्षांच्या कमाईहून मोलाची ठरते. मग भावाभावांत विचार निघतो, की विकून मोकळे व्हावे. जमिनीचे तुकडे होतात, पैशाचेही होतात. ऐरणीचे होत नाहीत. ती ज्याच्या वाट्यास येते त्याच्याजवळ भांडवल उरत नाही, आणि ज्यांच्याजवळ पैसा जातो त्यांच्याजवळ हात उरत नाही.

म्हणून आमचे समाजबांधवांस कळकळीचे सांगणे आहे, की वडीलधारी माणसे हयात असतानाच कारखाना, जागा आणि घर यांचे हिशेब निराळे करावेत. सन २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींस मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. तिच्याकडे केवळ सही घेण्यापुरते पाहू नये. ती अभियंता झाली असेल, हिशेब जाणत असेल, तर तिला कारखान्यात मानाने स्थान द्यावे. ज्या स्त्रियांचे श्रम जुन्या वहीत लिहिले गेले नाहीत, त्यांचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.

अखेरीस एक विनंती. आपल्या घरातील जुन्या कीर्द-खतावण्या, हत्यारांची नावे, आजोबांच्या हातचा एखादा बंब मोडीत घालू नये. कोणाच्या घरी असे काही असेल तर त्याची टिपणे करून पुढील स्मरणिकेसाठी अवश्य पाठवावीत. धातू मोडीत घातला तरी पुन्हा वितळून कामास येतो. विसरलेली विद्या मात्र कोणत्याही मुशीत पुन्हा ओतता येत नाही.