तारामाशाचा शुक्राणू आपलं अंडं कसा ओळखतो?

बहुतेक तारामासे (स्टारफिश, नावात मासा असला तरी हा मासा नाही!) अंडी आणि शुक्राणू थेट समुद्रात सोडतात. मग एवढ्या पाण्यात आपल्या जातीचं अंडं शुक्राणूला कसं कळतं?

मोबाईलमधलं टू-स्टेप व्हेरिफिकेशन आठवा. अंड्याभोवती जेलीचा थर असतो. जपानच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या अस्टेरियास अमुरेन्सिस या जातीत त्या जेलीतला मुख्य पासवर्ड म्हणजे 'एरिस' हा मोठा रेणू. त्याच्या साखळीत पाच शर्करांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. पण साध्या समुद्राच्या पाण्यात नुसत्या एरिसने भागत नाही. सोबत 'को-एरिस' किंवा 'अ‍ॅस्टरोसॅप', दोघांपैकी एक तरी लागतोच.

दोन्ही जुळले की शुक्राणूत कॅल्शियम शिरतं, डोक्यातली अ‍ॅक्रोसोम नावाची पिशवी फुटते आणि एक लांब, बारीक दोरा झटकन बाहेर येतो. तोच जेली पार करून अंड्याला भिडतो. इथे रिसेटचं बटण नाही बरं का! पिशवी एकदाच फुटते. अंड्यापासून लांब असतानाच फुटली, तर तो शुक्राणू बाद.

शुक्राणू अंड्यात शिरताना हर्मन फोल यांनी १८७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तोही तारामाशाच्याच अंड्यात.