खाणीतला काका आणि वांझोटा पैसा

बोलिव्हियातील ओरुरोच्या कथिलाच्या खाणीत, जेथे सूर्यप्रकाशाचा कवडसाही पोहोचत नाही अशा एखाद्या बोगद्याच्या कोनाड्यात, मातीची एक शिंगाळी मूर्ती बसविलेली असते; तिच्या तोंडात सिगारेट खोचलेली, पुढ्यात कोकाची पाने ठेवलेली आणि भोवतालची भुई दारूच्या शिंपणाने ओली. पाद्र्यांच्या लेखी हा साक्षात सैतान. मजूर मात्र त्याला ‘तीओ’, म्हणजे काका, म्हणतात, कारण जमिनीखालच्या धातूवर अंमल त्याचाच आणि दरड कोसळवणेही त्याच्याच मर्जीवर.

या सैतानाचा अर्थ लावण्याचा गाजलेला यत्न मायकेल टाउसिग या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० साली केला. कोलंबियाच्या काउका खोऱ्यात १८५१ साली दास्यमुक्त झालेल्यांचे वंशज स्वतःच्या जमिनी कसत असत. पुढे उसाच्या मळेवाल्यांनी त्या गिळंकृत केल्या आणि कुळवाडी रोजंदारीवर आला. तेथे बोलवा अशी, की एखादा ऊसतोड्या सैतानाशी गुप्त करार करून इतरांहून कितीतरी अधिक ऊस तोडतो, पण त्या कमाईने जमीन घेतली तर ती नापीक होते, जनावर घेतले तर ते खंगून मरते. तो पैसा केवळ कपडेलत्ते आणि दारू यांतच उधळावा लागतो. स्वतःच्या तुकड्यावर राबणारा असा करार करीत नाही, ही गोष्ट टाउसिग यांनी अचूक हेरली: मजुरीच्या व्यवस्थेवर पूर्वीच्या कृषिजीवनाने दिलेला तो निवाडाच होय, असे त्यांचे म्हणणे.

काउकापुरते हे मला पटते. तोच अर्थ खाणीतल्या काकालाही लावण्याबाबत मात्र शंका येते. बोलिव्हियातल्याच पोतोसीची चांदी १५४५ मध्ये हाती लागली, आणि स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोच्या अमदानीत ‘मिता’ नावाची वेठबिगार लादून ठराविक प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सुमारे सातवा हिस्सा दरसाल कामाला जुंपला गेला. हा जुलूम बाजाराचा जितका, तितकाच सरकारी फर्मानाचा होता. पुढे १९५२ च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारजमा झाल्या, पूर्वीचे मालक गेले, तरी काकाची बैठक हलली नाही. १९७० मध्ये ओरुरोच्याच सान होसे खाणीत अपघाताने तीन कामगार दगावले, तेव्हा त्याच्यापुढे लामा नावाचे प्राणी कापण्यात आले. जून नॅश या विदुषीने हा विधी नोंदवून ठेवला आहे. तो भरवशाच्या धन्याशी केलेला जुना करार पुन्हा लिहून घेण्याचा खटाटोप दिसतो. त्यात भांडवलाविरुद्धची फिर्याद शोधायला बरीच ओढाताण करावी लागते.