काचेच्या पाठीवरील चित्रे

तपकीर आपल्याकडे डबीत राहिली. चीनमध्ये ती कुपीत शिरली. सम्राट कांगशी याने १६९६ साली पेकिंगच्या दरबारात काचेचा कारखाना काढला, आणि मुठीत मावणाऱ्या कुप्या अधिकाऱ्यांत भेटीदाखल फिरू लागल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात कारागीर कुपीच्या आतल्या अंगावर चित्रे काढू लागले. लोखंडाची बारीक रेती व पाणी घालून कुपी हलविली की काच आतून खरखरीत होऊन रंग धरते. मग अरुंद तोंडातून बांबूची वाकडी लेखणी आत घालावयाची. पाहणारा बाहेरून पाहणार, म्हणून डोळ्याची बारीक रेघ आधी आणि मागचे आकाश शेवटी. चुकलेली रेघ नंतरच्या रंगाने झाकता येत नाही.

हीच उलटी रीत सपाट काचेवर वापरून कँटनचे चित्रकार अठराव्या शतकात परदेशी व्यापाऱ्यांसाठी चित्रे करीत. काच युरोपातून येई आणि चित्र होऊन परत जहाजावर चढे. हिंदुस्थानातही ही विद्या उतरली, व जेथे ती चांगली रुजली त्यांत एक राजधानी मराठ्यांची होती : तंजावर.

आम्हां येलहंकावासीयांस हे नाव परके नाही. येलहंक्याचा नाडप्रभू केंपेगौडा याने १५३७ साली बंगळूर वसविले. १६३८ साली ते विजापूरच्या फौजेने घेतले व शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे येथूनच तंजावरास गेले; ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) काळात व त्यानंतर तेथील चित्रकारांनी लोणी खाणारा बाळकृष्ण, रामाचा पट्टाभिषेक असे विषय काचेवर उतरविले. अलंकारांच्या रेषा आधी, अंगाचा रंग मग, पडदे व पार्श्वभूमी शेवटी. रीत चिनी, देव मात्र आपले.

ही चित्रे आज थोडी उरली आहेत, त्याचे कारण त्यांच्या घडणीतच आहे. रंग काचेत भाजलेला नसतो, नुसता चिकटलेला असतो. दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात. ओल्या फडक्याने पाठ पुसली की देव जातो व कोरी काच उरते. बदलीच्या गावी जुन्या बाजारात किंवा एखाद्या दक्षिणी मराठी घराच्या देवघरात अशी तसबीर आढळली, तर तिची मागची फळी काढू नये, ओलसर भिंतीवर ती टांगू नये. रंग सुटू लागलाच असेल, तर ती संग्रहालयातील जाणकारास दाखवावी, आणि तोवर रंगाला हात लावू नये.